आधी पाय बघावेत

शनिवार : राजहंसगड

मोठे पुतळे बघायचे म्हटलं की लोक नर्मदेकाठी जातात. तिथला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा, जगात सर्वांत उंच, आणि तो घडवणारे राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले. आम्हाला तेवढं लांब जायचं नव्हतं. मामांचा गणपतीचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, त्यांच्या मुलाला गाडी चालवायची हौस आहे, मला शाळेची सुट्टी. बेळगावहून बदामी, विजापूर, अथणी करत कुंभोजला जायचं आणि निपाणीवरून घरी यायचं, असं ठरलं. सुरुवात मात्र येळ्ळूरच्या राजहंसगडापासून. तो इतका जवळ आहे की बेळगावचा माणूस तिकडे 'पुढच्या रविवारी' जायचं म्हणत वर्षं काढतो.

मामा शहापुरात गणपती करतात, त्यांचे वडीलही करायचे. त्यांच्याबरोबर पुतळा बघायला जाणं हा एक वेगळाच प्रकार असतो. गाडी वर लावून आम्ही किल्ल्यात शिरलो. मी सगळ्यांसारखी मान वर करून शिवरायांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, तर मागून आवाज आला, "वर काय बघालीस गं? आधी पाय बघ. तोंड काय, कुणीबी बरं करतंय. पायात कळतंय सगळं."

या पुतळ्याचं अनावरण मार्च २०२३मध्ये दोनदा झालं. आधी तेव्हाच्या भाजप मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा काँग्रेस नेत्यांच्या उपस्थितीत. निवडणूक तोंडावर होती. बेळगावात त्यावर बरंच बोललं गेलं, ते सगळ्यांना पाठ आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो गडावरचा वारा. दुपारीसुद्धा पदर सांभाळावा लागत होता. हा वारा वर्षभर पुतळ्याला ढकलतो, आणि त्या ढकलण्याचा सगळा हिशोब शेवटी घोट्यापाशी येऊन चुकवावा लागतो.

मामांनी तो हिशोब कट्ट्यावर बसून समजावला. हल्लीचा उंच पुतळा म्हणजे बाहेरून कातडी आणि आतून सांगाडा. आधी मातीचा लहान नमुना, त्यावरून मोठा, मग साचे, मग तुकड्यातुकड्यांनी ओतकाम, आणि शेवटी ते तुकडे पोलादी सांगाड्यावर चढवून वेल्डिंग. बघणाऱ्याला कातडी दिसते, वजन पेलतो सांगाडा. उभ्या माणसाच्या मूर्तीत सांगाड्याला सगळ्यांत कमी जागा मिळते ती घोट्यात, आणि सगळ्यांत जास्त भार येतो तोही तिथंच. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, तेव्हा चौकशी समितीने गंज, सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा हीच कारणं दिली. त्या दिवशी टीव्हीवर बघताना मामा जेवायचे थांबले होते, हे मामींनी मला नंतर सांगितलं. आता तिथं राम सुतारांनी केलेला नवा, ६० फुटी पुतळा उभा आहे.

मी त्यांना न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची गोष्ट सांगितली. १८८६ची ती मूर्ती. तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरपेक्षाही पातळ, आत आयफेलचा लोखंडी सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते निकामी झालं, खारी हवा होतीच, आणि लोखंडी पट्ट्या सडायला लागल्या. १९८६च्या शताब्दीपूर्वी त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. मामा म्हणाले, "म्हंजे शंभर वर्षांनी का होईना, उघडून बघितलं की त्यांनी. आमच्याकडं हार घालायला शिडी लावतेत, आत बघायला कोण लावतंय?"

रविवार : पिरनवाडी, हलशी

खानापूर रस्त्याला पिरनवाडी लागते. इथल्या पुतळ्यावरून ऑगस्ट २०२०मध्ये मराठी-कानडी तणाव झाला होता, पोलीस बंदोबस्तात दिवस गेले होते. शेवटी चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चौकात इंग्रजांशी लढलेले कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णा यांचा पुतळा, अशी तोड निघाली. पुढं डिसेंबर २०२१मध्ये बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ बेळगावच्या अनगोळात रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. या भांडणांतले पुतळे काही आभाळाला टेकणारे नव्हते. आमच्या भागात पुतळ्याची उंची फुटांत मोजून भागत नाही, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतं.

नंदगडला थांबलो. १८३१मध्ये रायण्णांना इंग्रजांनी इथंच फाशी दिलं. मामांनी हात जोडले, आम्हीही जोडले.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. गावात मराठी, देवळात शांतता, आणि त्या दिवशी आम्ही सोडून कुणी नाही. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. वराहाची मूर्ती गोव्याच्या कदंबांपैकी विजयादित्याने ११८६-८७च्या सुमारास बसवलेली, उंची पाचेक फूट. पाच फूट म्हणजे माझ्याएवढीच. पण गाभाऱ्याचा दरवाजा बेताचा आणि आत अंधार, त्यामुळे ती अंगावर येते. भव्यतेसाठी मूर्ती वाढवता येते, तशी खोली लहानही करता येते. हे कदंबांच्या कारागिरांना ठाऊक होतं, आणि सिमेंटच्या काळात आपण ते विसरलो असं मला वाटतं.

बाकी दिवस पावसात गेला. खानापूरला भजी खाल्ली.

सोमवार : यादवाड

कित्तूरवरून धारवाड, आणि तिथून पुढं यादवाड. हा फाटा माझ्या हट्टापायी. इथं मारुतीच्या देवळात शिवरायांचा एक शिल्पपट आहे. बेलवडीच्या राणी मल्लम्मांनी तो कोरवून घेतला, अशी परंपरा सांगते. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेची बेलवडीच्या गढीशी लढाई जुंपली, मल्लम्मा लढल्या, आणि शेवटी महाराजांनी त्यांना सन्मानाने वागवलं, अशी ती हकिगत. शिल्पात वरच्या भागात घोड्यावरचे महाराज, खालच्या भागात ते बसलेले आणि मांडीवर मल्लम्मांचं मूल.

मोठा असेल असं मनात धरून जाऊ नका. भिंतीशी टेकवलेला दगड आहे, नीट बघायला वाकावं लागतं. परंपरा खरी धरली तर महाराजांना पाहिलेल्या माणसांच्या हयातीतलं हे काम, आणि कोरवून घेणारी लढाईत समोर उभी राहिलेली राणी. मामा बराच वेळ गुडघ्यावर बसून होते. "घोडं बघ. घोड्याचं पाऊल कसं टाकलंय," एवढंच म्हणाले. राजहंसगडावर तासभर बोलणारा माणूस इथं एका वाक्यात आटोपला, यावरून मी काय ते समजले.

जेवण सौंदत्तीच्या अलीकडे एका खानावळीत. ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. मामांच्या पोराने भाकऱ्यांची मोजदाद करू नका अशी विनंती केली, म्हणून करत नाही. रामदुर्गावरून बदामी गाठेपर्यंत दिवे लागले होते.

मंगळवार : बदामी

उजाडताच लेण्यांत गेलो, कारण नऊनंतर तांबडा दगड तापतो आणि माकडं धीट होतात.

तिसरं लेणं चालुक्य मंगलेशाने शके ५००मध्ये, म्हणजे इसवी सन ५७८मध्ये पुरं केलं. तसा लेख तिथंच आहे. व्हरांड्यात शिरलं की एका टोकाला शेषावर बसलेला विष्णू, शिवाय उभा नरसिंह, वराह, हरिहर, त्रिविक्रम. पुरुषभर उंचीहून बऱ्याच मोठ्या मूर्ती, आणि व्हरांड्याची रुंदी इतकी कमी की मागं सरकून पुरी मूर्ती एका नजरेत घेताच येत नाही. आधी पाय, मग कंबर, मग हात, असं तुकड्यातुकड्याने बघावं लागतं.

त्रिविक्रमापुढे मामा थांबले. त्याचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा आडवा, कमरेच्या वर उचललेला. मोकळ्या उभ्या मूर्तीत हा पाय असा ठेवला तर तो केव्हातरी जाणारच. इथं तो चौदाशे वर्षांहून जास्त काळ टिकलाय, कारण तो उचललेला नाहीच. पाठ डोंगराला, पाय डोंगराला. मूर्ती डोंगरातून पुरी सुटलेली नाही. मामांचा शेरा असा : "ह्याला पडायला जागाच ठेवली न्हाई."

जगातल्या बहुतेक जुन्या अतिभव्य मूर्तींची युक्ती हीच. अफगाणिस्तानात बामियानचे बुद्ध ५५ आणि ३८ मीटरचे होते, कड्यातच कोरलेले. ते आपल्या वजनाने पडले नाहीत, २००१मध्ये सुरुंग लावून उडवावे लागले. चीनमधला लेशानचा बुद्ध ७१ मीटरचा, आठव्या शतकात नव्वद वर्षं काम चाललं, तोही कड्याला पाठ लावून, आणि बसलेला. इजिप्तमध्ये अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेसच्या चार मूर्ती वीसेक मीटरच्या, त्याही बसलेल्या, त्याही डोंगरात. त्यांतल्या एकीचा वरचा भाग जुन्या काळीच भूकंपात खाली आला, तो तसाच पायाशी पडलेला आहे. १९६०च्या दशकात आस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून ते सबंध देऊळ कापून, तुकडे करून उंचावर नेऊन जोडलं. त्या वेळी तो पडलेला तुकडाही नव्या जागी पडलेल्या अवस्थेतच ठेवला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे असतं तर कुणीतरी सिमेंटने डोकं करून बसवलं असतं.

चौथं लेणं जैनांचं, जरा वरच्या अंगाला, लहान. गर्दी तिसऱ्यावरूनच परत फिरते, त्यामुळे इथं निवांत बसता येतं. इथं बाहुबली आहे. बाहुबलीच्या सर्वांत जुन्या मूर्तींत याची गणना होते. सातव्या शतकाच्या आसपासचा. केसांच्या बटा खांद्यावर आलेल्या, पायांवर वेल चढलेले, पावलांपाशी साप. भावाशी, म्हणजे भरताशी झालेलं युद्ध जिंकून, जिंकलेलं सगळं टाकून देऊन जो उभा राहिला तो उभाच राहिला, आणि इतका काळ की वारुळं वाढली. ही कथा शेडबाळ-कोगनोळीच्या जैन घरांत आजीच्या तोंडून ऐकायला मिळते, माझ्या मैत्रिणीच्या घरी मीही ऐकली.

इथला बाहुबली भिंतीत आहे. तीनेकशे वर्षांनी हाच बाहुबली श्रवणबेळगोळला भिंतीतून बाहेर पडला. गंग राजाचा मंत्री चावुंडराय याने ९८१-९८३च्या सुमारास विंध्यगिरीच्या माथ्यावरचा ग्रॅनाइटचा एकच खडक कोरवून ५७-५८ फुटांची मूर्ती उभी केली. वाहून नेली नाही, उभी केली नाही असंही म्हणता येईल. होती तिथंच ती सोडवून घेतली. मांडीपर्यंत मागं खडक ठेवला आहे, बाजूंना वारुळं आणि वेल. मांडीच्या वर मात्र कशाचाच आधार नाही. म्हणजे कथेतलं वारूळ शिल्पकाराने खांब म्हणून वापरलं. गुडघ्याखालचा भाग प्रमाणात आखूड आहे अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. मामांना विचारलं तर म्हणाले, "आखूडच पायजे. लांब करून मोडून घेऊ काय?"

संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. मामांच्या पोराला तिथं एक क्रिकेटची टीम मिळाली.

बुधवार : विजापूर, अथणी

कोल्हारच्या लांब पुलावरून अलमट्टीचं पाणी ओलांडून विजापूर. गोलघुमट बाहेरूनच बघितला, कारण या खेपेला मूर्तीच बघायच्या होत्या आणि मामा एकदा ठरलं की बदलत नाहीत. शिवगिरीला गेलो. ८५ फुटी शंकर, २००६मधला, पोलाद आणि सिमेंटचा. मुरुडेश्वरचा १२३ फुटी शंकर याच्याच घराण्यातला. दोघंही बसलेले.

मी नाक मुरडायच्या तयारीनेच गेले होते. बदामीहून थेट इकडे येणं म्हणजे अन्यायच. रंग फार चकचकीत, भोवती बाग, पोरांची खेळणी. पण मामांनी मला गप्प केलं. मांडी घातलेली मूर्ती म्हणजे पायथा रुंद, वजन पसरलेलं, घोट्याचा प्रश्नच मिटला. सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सोसायला आत सळई. बसलेल्या मूर्तीत दाबच जास्त. ज्याने ही बसकी ठेवली त्याला माल कळतो, असं त्यांचं मत पडलं. हंपीचा १५२८मधला नरसिंह ६.७ मीटरचा, एका दगडाचा, तोही बसलेला. आता पायरीवर बसून वडापाव खाणारं एक कुटुंब त्या शंकराला "अप्पा" म्हणत होतं. मी नाक मुरडायचं राहूनच गेलं.

उभं राहण्याची हाव मात्र जुनी आहे. गाडीत मी ऱ्होड्सच्या सूर्यदेवाची गोष्ट काढली. ग्रीक बेट, इसवी सनपूर्व २८०च्या सुमारास पुरा झालेला कांस्याचा पुतळा, ३३ मीटरच्या आसपास, आत लोखंडी सांगाडा आणि दगड. पन्नासेक वर्षं उभा होता. इसवी सनपूर्व २२६मध्ये भूकंप झाला आणि तो गुडघ्यांतून मोडला. पडलेले तुकडे कित्येक शतकं लोक बघायला येत. रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्याच्या अंगठ्याला कवेत घेणंही थोड्यांनाच जमे. मामांनी विचारलं, "गुडघ्यात? घोट्यात न्हाई?" मग पुढची पाचेक मैलं ते बोटाने मांडीवर काहीतरी आखत होते.

टिकोट्यावरून अथणीला मुक्काम. अथणी चपलांचं गाव. कोल्हापुरी म्हणून जी जगभर जाते तिच्यातल्या पुष्कळ जोड्या अथणी-निपाणीकडच्या हातांनी शिवलेल्या असतात. २०१९च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राबरोबर बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड हे जिल्हेही आहेत. मामांनी जोड घेतली आणि रात्रभर तेल लावून ठेवली.

गुरुवार : शेडबाळ, कुंभोज

शेडबाळ वाटेवरचंच. आचार्य विद्यानंद मुनींचा जन्म इथला, १९२५चा. श्रवणबेळगोळच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून १९८१मध्ये जो महामस्तकाभिषेक झाला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. इंदिरा गांधींनी त्या वेळी हेलिकॉप्टरमधून फुलं वाहिली. तेव्हा सीमाभागातून एसट्या आणि ट्रक भरभरून माणसं गेली होती, ही आठवण आमच्या भागात अजून निघते.

मिरजेवरून कुंभोजचं बाहुबली. हद्द ओलांडून महाराष्ट्रात आलो ते पाट्यांवरून कळलं, बोलण्यावरून नाही.

इथला बाहुबली १९६३मध्ये प्रतिष्ठापना झालेला, २८ फुटी, पांढऱ्या संगमरवराचा. श्रवणबेळगोळच्या निम्मा. पण संगमरवर मऊ, ग्रॅनाइटइतका सोशीक नाही, त्यामुळे उभं राहण्याची जोखीम इथं वेगळी. मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४चा, ५.१७ मीटरचा, तोही संगमरवरीच. उजव्या पायामागं झाडाचं खोड कोरून त्याला आधार दिला आहे, तरी घोट्यांना बारीक भेगा गेल्यात आणि त्यावर संशोधकांची नजर आहे. आपल्याकडे खोडाचं काम वेलींनी केलं. वेल म्हणजे सजावट, असं इतके दिवस मी धरून चालले होते. मामांनी हात न लावता, बोट हवेत फिरवत दाखवलं की वेल कुठं जाड ठेवलाय आणि कुठं नुसता दाखवण्यापुरता आहे.

कार्कळचा बाहुबली १४३२चा, ४२ फुटांचा. तो दुसरीकडे घडवून टेकडीवर चढवला असं सांगतात. वेणूरचा १६०४चा, ३५ फुटी. धर्मस्थळचा ३९ फुटी तर आपल्या काळातला. कार्कळला घडवला, चाकांच्या मोठ्या ट्रॉलीवरून नेला आणि १९८२मध्ये प्रतिष्ठापना झाली. या सगळ्यांत पाय सारखेच. दोन्ही पावलं सरळ, जुळवून. कायोत्सर्ग ही ध्यानाची स्थिती खरीच, पण दगड उभा करायलाही याहून सुरक्षित स्थिती नाही.

आणि श्रवणबेळगोळच्या पावलांशी अक्षरं आहेत. चावुंडरायाने मूर्ती करवली हे तिथं कन्नडात आहे, तमिळात आहे आणि मराठीतही आहे. 'श्रीचावुण्डराजें करवियलें', आणि त्याखाली 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियले'. गंगराज हा होयसळांचा सेनापती, बाराव्या शतकातला, त्याने भोवतीची ओवरी बांधली. पहिली ओळ चावुंडरायाच्या काळातली की गंगराजाच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण मराठीच्या अगदी जुन्या लेखांत तिचा मान आहे. मराठवाड्यात नाही, पुण्यात नाही, हासन जिल्ह्यातल्या एका टेकडीवर. हे मी मामांना कुंभोजच्या पायऱ्यांवर सांगितलं. ते म्हणाले, "तीन भाषेत लिवलं, मग दंगा झाला न्हाई?" मला हसू आवरेना.

निपाणीजवळ हायवेला चहाला थांबलो तर मामांचा फोन वाजला. मंडळाची पोरं. पलीकडच्या गल्लीने यंदा उभा गणपती ठरवलाय, आपला त्याच्याहून पाच फूट उंच पाहिजे, आणि उभाच पाहिजे. मामांनी विचारलं, "गल्लीतली विजेची तार किती फुटांवर हाय, मोजलीस काय?" पलीकडे शांतता. मग पुन्हा आग्रह. मामांनी वैतागून फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग गं ह्यांना, त्या ऱ्होड्सचं काय झालं ते."

मी सांगितलं. भूकंप, गुडघे, सगळं. पोरगं शांतपणे ऐकून घेत होतं. मग म्हणालं, "टीचर, तो किती फुटांचा होता म्हणालात?"